आधी विळा, मग बाटली

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सिंदी रेल्वे गाव पाहण्यासारखे असते. आदल्या दिवशी बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी रस्ता पोट्ट्यांचा. कोणाचा नंदी हातभर, तर कोणाचा इतका मोठा की ओढायला चार माणसे लागावीत. नवे कपडे, नंदीला झूल, हातात बोजाऱ्याचे पैसे. पिढ्यानपिढ्या चालत आलेला हा सण गावाचे भूषण आहे, यात शंका नाही.

पण त्याच दिवशी जरा खाली वाकून पाहिले तर दुसराही एक पोळा भरलेला दिसतो. रेल्वे लाइनच्या कडेला, पांधण रस्त्याला, आखरावर, शाळेच्या भिंतीला लागून, रिकाम्या प्लॉटमध्ये कमरेएवढे गाजर गवत उभे असते आणि त्यावर पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. जूनच्या पहिल्या पावसात उगवलेले हे गवत महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते. म्हणजे ऐन पोळ्याच्या सुमारास ते पूर्ण भरात असते. आणि नंदी ओढणाऱ्या पोरांपैकी एखादे पोर तळहाताने नाक खालून वर पुसत असते, डोळे चोळत असते, एकामागे एक पाच-सात शिंका देत असते.

अशाच एका आईला विचारले तर ती सांगते, "काय सांगू जी, पोळ्यापासून दिवाळीपावतर याचं नाक वाहूनच राह्यते. दरसाल असंच हाय. मेडिकलातून सर्दीची बाटली आणतो. दोन दिवस झोपून राह्यते, मंग पुन्हा तेच."

या बोलण्यातले दोन शब्द गावाने नीट ऐकले पाहिजेत. एक 'दरसाल' आणि दुसरा 'झोपून राह्यते'. पहिल्या शब्दात रोग सापडतो आणि दुसऱ्यात आपली चूक.

सर्दी नव्हे, गवताचा त्रास

साधी सर्दी वर्षातून कधीही होते आणि आठ-दहा दिवसांत जाते. तिच्यात अंग कणकणते, ताप येतो, घसा दुखतो, शेंबूड पुढे घट्ट आणि पिवळसर होतो. घरात एकाला झाली की दुसऱ्याला होते. पण ठराविक महिन्यात सुरू होणारी, आठवडेच्या आठवडे चालणारी, नाकातून पाण्यासारखी पातळ धार लावणारी, डोळ्यांना आणि नाकाला खाज आणणारी आणि ताप मुळीच नसलेली जी 'सर्दी' असते, ती बहुधा सर्दी नसतेच. ती ॲलर्जी असते. हवेतून नाकात गेलेले फुलांचे पराग हे शरीर शत्रू समजते आणि त्यांना धुऊन काढायला नाक-डोळ्यांतून पाणी सोडते.

इंग्रजीत या त्रासाला 'हे फीवर', म्हणजे वाळल्या गवताचा ताप असे नाव पडले. नाव फसवे आहे, कारण त्यात ताप नसतो. जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरने १८१९ साली स्वतःच्याच अशा दुखण्याची हकिकत लंडनमध्ये मांडली. पुढे चार्ल्स ब्लॅकली या दुसऱ्या डॉक्टरने स्वतःवर प्रयोग करून हे सगळे परागामुळे होते, हे १८७३ साली दाखवून दिले. साहेबाच्या देशात ते कुरणातले गवत. आपल्याकडे गवताचे परागही आहेतच, पण पावसाळ्यात गावाला वेढा घालून बसणारा मोठा गुन्हेगार गाजर गवत आहे.

असे मूल ओळखायचे कसे? ते तळहाताने नाक वर ढकलत पुसते. सारखे तसे करून नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी घडी पडते. डोळ्यांखाली काळसर वर्तुळे येतात. रात्री तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते. झोप नीट न झाल्याने शाळेत पेंगते, आणि गुरुजी म्हणतात पोरगे मठ्ठ आहे. पोरगे मठ्ठ नसते, त्याचे नाक बंद असते.

हे दुखणे किरकोळ समजू नये. नाकाचा हा त्रास असलेल्या काही मुलांना पुढे दमा जडतो. आणि ज्याला दमा आधीच आहे, त्याचा दमा नाकाकडे दुर्लक्ष केल्याने आटोक्यात राहत नाही.

तान्ह्या बाळाचे वेगळे

इथे एक फरक आया-बायांनी आणि आशाताईंनी पक्का ध्यानात घ्यावा. परागाची ॲलर्जी एका दिवसात होत नाही. त्या परागाशी शरीराची एक-दोन हंगाम तरी गाठ पडावी लागते. म्हणून दोन वर्षांच्या आतील बाळाला हा त्रास क्वचितच असतो. तान्ह्याचे नाक वाहते किंवा चोंदते तेव्हा बहुतेक वेळा कारण साधी सर्दी असते, नाहीतर घरातला धूर.

आणि धुराचे आपल्याकडे काय सांगावे! बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठी शेगडी पेटते, आंघोळीनंतर ओव्याची आणि लसणाच्या टरफलांची धुरी देतात. सोबतीला चूल, मच्छर अगरबत्ती आणि आजोबांची विडी. यातली प्रत्येक गोष्ट मायेने किंवा सवयीने होते, पण बाळाच्या नाकाला आणि छातीला ती सोसत नाही. ऊब द्यायची तर बाळाला कपड्यात गुंडाळा, आईच्या छातीशी धरा. धुरी मात्र बंद करा.

नाकात तेल सोडण्याची रीतही अशीच. तेल फुप्फुसात उतरले तर ते तिथे बसून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर असलेला बाम दोन वर्षांच्या आतील लेकराला लावू नये. वर्षाच्या आतील बाळाला खोकल्यासाठी मधाचे बोट चाटवू नये. मधातून होणारी एक विषबाधा इतक्या लहान जिवाला घातक ठरू शकते.

मग करायचे काय? मेडिकलात नाकात टाकायचे साधे सलाईनचे थेंब मिळतात, म्हणजे औषध नसलेले निव्वळ मिठाचे पाणी. दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब टाकावेत आणि नाक मऊ फडक्याने पुसावे. नाक मोकळे झाले की बाळ पोटभर पिते. अंगावरचे दूध थांबवू नये. नाक चोंदलेले बाळ थकते, म्हणून थोडे थोडे आणि जास्त वेळा पाजावे. मात्र नाक झटकन मोकळे करणारे औषधी थेंब वेगळे असतात. ते तान्ह्याला स्वतःच्या मनाने कधीही घालू नयेत.

बाटलीचा भरवसा धरू नका

आता 'झोपून राह्यते' या शब्दाकडे येऊ. सर्दीच्या बाटलीत बहुधा गुंगी आणणारे औषध असते. लेकरू झोपते आणि आपल्याला वाटते गुण आला. रोग होता तिथेच असतो.

केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये आदेश काढला. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले सर्दीचे औषध ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापावा, असे त्यात आहे. गावात किती जण बाटलीवरचे बारीक अक्षर वाचतात?

आणि २०२५ ची गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले. वीसहून अधिक मुले गेली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. सिंदीहून रेल्वेने नागपूर किती लांब आहे, ते आपल्याला माहीत आहे. त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की, २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि ५ वर्षांखालीही सहसा देऊ नयेत.

याचा अर्थ औषधच नाही असा नव्हे. गवताच्या त्रासावर चांगली औषधे आहेत. सेटिरिझिन, लोराटाडिन यांसारखी कमी गुंगीची औषधे मुलाचे वय आणि वजन पाहून डॉक्टर देतात. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला रोजच्या रोज नाकात मारायचा फवाराही लिहून देतात. हा फवारा एका दिवसात गुण दाखवीत नाही, नेमाने काही दिवस वापरावा लागतो. पण मोजमाप डॉक्टरचे हवे. शेजारणीच्या लेकराची उरलेली बाटली नको आणि "दोन टोपणं पाजा" हा मेडिकलवाल्याचा सल्लाही नको. डॉक्टरकडे जाताना एवढेच सांगा: त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो, किती आठवडे टिकतो, ताप असतो का, घरात कोणाला दमा किंवा अंगाची खाज आहे का. अर्धे निदान तिथेच होते.

घरीही पुष्कळ करता येते. शेतातून, अंगणवाडीतून आल्यावर मुलाचे हात-तोंड धुवा, कपडे बदला. या दिवसांत आंघोळ सकाळी नव्हे, संध्याकाळी झोपण्याआधी घाला, म्हणजे केसांतला पराग अंथरुणात जात नाही. लेकराचे कपडे गवताने वेढलेल्या तारेच्या कुंपणावर वाळवू नका. घर झाडताना धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. लेकराचा श्वास जोरात चालू लागला, छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, ओठ निळसर दिसले, दूध पिणे सुटले किंवा लेकरू निपचित पडले, तर ती ॲलर्जी की सर्दी हा वाद घालत बसू नये. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षे ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद आहे असे समजावे. आशाताईंना हे मोजणे शिकवलेले असते. १०८ ला फोन लावावा, आणि वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, जे लवकर गाठता येईल ते गाठावे.

गवत कोणाचे?

इथवरचे सगळे घराने करायचे झाले. पण आई रोज संध्याकाळी लेकराला धुऊन काढते आणि सकाळी अंगणवाडीच्या दारातच गवत फुललेले असते, तर त्या माउलीने करायचे तरी काय? म्हणून माझे म्हणणे असे आहे की, नाक लेकराचे असले तरी इलाज गावाच्या हाती आहे.

गाजर गवत आपले नव्हेच. हे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम ठळकपणे नजरेस आले. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिथून ते देशभर पसरले. एक झाड पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत बी धरते. ते बी वारा, पाणी, ट्रॅक्टरची चाके आणि ढोरांचे पाय यांच्याबरोबर जाते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या शंभरातील सुमारे ७ लोकांना या गवताच्या परागाने नाकाचा त्रास असल्याचे आढळले. मोठ्या माणसांना त्याच्या स्पर्शाने कातडीची खाज आणि चट्टे येतात, हे तर निंदणाला जाणाऱ्या बायांना कोणी शिकवायला नको.

शेतकरी बंधू म्हणतील, "ऐन पावसाळ्यात डवरणी करू, निंदण करू, का गावाचं गाजर गवत उपटत बसू?" प्रश्न रास्त आहे. पिकातले गवत शेतकरी काढतोच, कारण ते पीक खाते. धुऱ्यावरचे अर्धेमुर्धे काढतो. खरे जंगल माजते ते कोणाच्याच नसलेल्या जागेवर: रस्त्याच्या कडा, शाळा-अंगणवाडीचे आवार, आखर, स्मशानभूमी, पाण्याच्या टाकीचा परिसर. ही जागा ग्रामपंचायतीची, सिंदीत नगरपरिषदेची, लाइनलगतची रेल्वेची. ती साफ करणे हे त्या-त्या कार्यालयाचे काम आहे. त्यासाठी एकट्या शेतकऱ्याच्या पाठीवर ओझे टाकू नये.

काम अवघडही नाही, फक्त वेळ साधावी लागते. देशात गाजर गवत जागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला पाळतात. फलक लागतो, फोटो निघतो. पण तोवर जूनमध्ये उगवलेले गवत फुलावर आलेले असते. आपल्या भागात पहिली फेरी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हवी. तेव्हा जमीन ओली असते, झाड मुळासकट सहज निघते, फूल नसते, परागही नसतो. ऑगस्टच्या सप्ताहात दुसरी फेरी करावी, मागून उगवलेल्यासाठी. नुसते वरून कापले तर बुडातून फुटते, हे सांगणे नलगे.

काही पथ्ये पाळावीत. हातमोजे, पूर्ण बाहीचे कपडे आणि तोंडाला रुमाल असल्याशिवाय कोणी हात लावू नये. आणि शाळेच्या पोरांना 'श्रमदान' म्हणून या कामाला मुळीच जुंपू नये. ज्या लेकरांना त्या परागापासून वाचवायचे, त्यांच्याच हाताने ते उपटून घेणे हा कुठला न्याय? दमेकरी आणि ॲलर्जीच्या माणसांनीही दूर राहावे. उपटलेले गवत वाळवून पेटवू नये, त्याचा धूर पुन्हा गावातच येतो. फुलावर न आलेले गवत खतात घालता येते. पुसदच्या नाडेप काका पांढरीपांडे यांनी दाखवलेले नाडेप टाके आपल्या भागात कोणाला नवे नाही.

मोकळ्या जागेवर तरोटा वाढू द्यावा. तरोटा दाट झाला की गाजर गवताला डोके वर काढू देत नाही, आणि कोवळा असताना भाजीलाही चालतो. मेक्सिकोतून आणलेला आणि १९८४ साली बंगळूरजवळ प्रथम सोडलेला एक छोटा भुंगा आहे. तो या गवताची पाने पावसाळ्यात खाऊन फस्त करतो. असे भुंगे दिसले तिथे औषध फवारून त्यांना मारू नये. आणि अंगणवाडी-शाळेजवळ तणनाशक नकोच. एक दुखणे घालवायला दुसरे विष कशाला?

एकदा उपटून गवत संपणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. जमिनीत पडलेले बी पुढे काही वर्षे उगवत राहते. सलग तीन-चार पावसाळे नेटाने काम केले तर फरक दिसेल. आणि गवत गेले म्हणून प्रत्येक लेकराचे नाक थांबेल असेही नाही. घरातली धूळ, इतर गवतांचे पराग हेही आहेतच. पण सर्वांत मोठा आणि सर्वांत हाताशी असलेला शत्रू हाच आहे.

कुटाराची धूळ

गवताचा हंगाम ओसरत नाही तोच ऑक्टोबरात सोयाबीन निघते. हडंबा गावालगतच्या खळ्यात लागतो आणि कुटाराची धूळ घरांवर उडते. ही धूळ हलक्यात घेऊ नये. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात एकेका दिवशी दम्याचे रुग्ण अचानक दवाखान्यात लोटत असत. कारण सापडेना. अखेर कळले की, बंदरावर सोयाबीन उतरवताना साठवणीच्या कोठारातून टरफलांची धूळ शहरावर उडत होती. ते रुग्ण बहुतेक मोठी माणसे होती. पण जी धूळ मोठ्यांना पाडते, ती लेकरांना काय सोडेल? कोठारावर धूळ अडवणारी गाळणी बसवली आणि ती साथ थांबली. औषधाने नव्हे, धूळ अडवल्याने थांबली, हे विसरू नका.

आपल्याला गाळणी नको. हडंबा वस्तीपासून दूर, वारा गावाकडे वाहत नसताना लावावा. तान्ह्याला झोळीत घालून खळ्यावर नेऊ नये. ज्या बाईला कामावर जाणे भाग आहे, तिच्यासाठी त्या दिवसांत अंगणवाडीने लेकराला थोडा जास्त वेळ सांभाळावे.

जूनची ग्रामसभा

गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहे. तिला अबंधित निधी येतो. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशा आणि अंगणवाडी सेविका यांनी जूनमध्येच बसून तीन गोष्टी ठराव करून लिहून घ्याव्यात. अंगणवाडी, शाळा आणि उपकेंद्र यांच्याभोवती गाजर गवत उपटण्याची तारीख आणि मजुरी. दरसाल नाक वाहणाऱ्या मुलांची आशाताईंनी केलेली यादी, म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच त्यांना डॉक्टरांना दाखवता येईल. आणि गावातल्या मेडिकलवाल्यांना बोलावून विनंती की, पाच वर्षांखालील लेकरासाठी चिठ्ठीशिवाय सर्दीची बाटली देऊ नका. सिंदीत नगरपरिषदेने हेच प्रभागवार करावे, आणि लाइनलगतच्या गवतासाठी रेल्वेला लेखी पत्र द्यावे, तोंडी नको.

पोळ्याला आपण बैलाचे खांदे शेकतो, त्याला आंघोळ घालतो, आमंत्रण देतो. वर्षभर राबणाऱ्या जनावराचे एवढे लाड आपण करतो, हा आपला संस्कार आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी आपलीच लेकरे नंदी घेऊन निघतात. ज्या रस्त्याने ती जाणार, तो रस्ता महिनाभर आधी साफ करून ठेवावा, एवढीच मागणी आहे. पुढच्या तान्ह्या पोळ्याला नव्या सदऱ्याची बाही दुपारपावतर कोरडी राहिली, तर बोजारा पावला म्हणायचा.